कूलंट हळूहळू कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही: गळती शोधायची कुठून?

नट-बोल्ट (धागालेखक)

कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) मोठी गळती शोधावी लागत नाही. होज (रबरी नळी) फुटला की वाफ येते, तापमानाचा काटा वर चढतो, गाडी थांबवावी लागते. जीव खाते ती बारीक गळती. काटा जागेवर, पार्किंगची फरशी कोरडी, तरी कूलंटच्या बाटलीतली पातळी थोडी थोडी उतरत राहते. अशा वेळी एक तर वरून नळाचं पाणी घालत राहायचं, नाहीतर अंदाजाने वॉटर पंप, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह), रेडिएटर बदलत सुटायचं, हेच सर्रास चालतं. दोन्ही चूक आहेत असं माझं ठाम मत आहे. गळतीची जागा डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही भाग बदलू नये.

माझा क्रम असा. आधी खरंच कमी होतंय का ते मोजायचं. इंजिन रात्रभर थंड झालेलं, गाडी सपाट जागेवर, आणि पातळीवर चिकटपट्टी लावून पेनाने रेघ. गरम इंजिनची पातळी तुलनेला घ्यायची नाही. ग्लायकॉल आणि पाण्याचं ५०:५० मिश्रण २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधारण ४ टक्के फुगतं, म्हणजे ६ लिटरच्या यंत्रणेत जवळपास पाव लिटरचा फरक नुसत्या तापमानाने पडतो. घट खरी निघाली की प्रेशर टेस्टर. थंड इंजिनवर कूलंटच्या झाकणाच्या जागी अडॅप्टर बसवायचा, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत हाताने पंप करायचा आणि सुईवर १५ मिनिटं लक्ष ठेवायचं. सुई पडली की टॉर्च घेऊन ओल शोधायची.

प्रश्न असा: टेस्टरवर सुई हलत नाही आणि तरीही कूलंट कमी होतं, तेव्हा पुढे काय? आणि या क्रमात तुम्ही काय बदलाल?

सहावा गिअर

क्रमातच उत्तर दडलंय. टेस्टर बसतो झाकणाच्या जागी, म्हणजे चाचणी चालू असताना झाकण यंत्रणेत नसतंच! झाकण बिघडलं असेल तर सुई स्थिरच राहणार.

झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठी स्प्रिंग दाब धरून ठेवते, बहुतेक गाड्यांत ०.९ ते १.४ बारच्या दरम्यान. मधला छोटा व्हॉल्व्ह उलट्या दिशेचा. इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा तो उघडतो. ज्या गाड्यांत रेडिएटरवर झाकण आणि बाजूला साधी बाटली असते, तिथे त्यातूनच कूलंट परत आत खेचलं जातं. मोठी स्प्रिंग थकली किंवा खालचं रबर चिरलं की ठरलेल्या दाबाच्या आधीच वाफ सुटू लागते. सुटते ती बारीक फवाऱ्याने, गरम इंजिनवर पडून जागीच वाळते. खाली थेंब कुठून दिसणार?

शिवाय दाब कमी म्हणजे उकळबिंदूही कमी. ५०:५० मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं, १ बार दाबाखाली तेच १२९ अंशांच्या आसपास. झाकण दाब धरत नसेल तर सिलिंडर हेडमधल्या सर्वांत तापलेल्या जागी बुडबुडे उठायला लागतात आणि काटा अजून मधोमधच असतो.

म्हणून माझ्या मते पहिलं झाकण, मग टेस्टर. टेस्टरच्या पेटीत झाकण तपासायचा वेगळा अडॅप्टर असतो. तो नसेल तर सरळ त्याच दाबाचं नवं झाकण बसवा. या कामात अंदाजाने बदलावा असा हा एकच भाग.

नट-बोल्ट

मुद्दा शंभर टक्के मान्य. फक्त "त्याच दाबाचं" हे ठळक अक्षरांत वाचा. जास्त दाबाचं झाकण बसवलं तर थकलेल्या होजवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकवर तो जादा दाब येतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

धूळवाट

झाकणाबद्दल +१. बसवण्याआधी ते ज्या कडेवर टेकतं ती कडही बोट फिरवून बघा. तिथे ओरखडा किंवा पांढरा थर असेल तर नवं झाकणही गळणार.

थंडगार

सुई स्थिर राहण्याचं दुसरं कारण: चाचणी चुकीच्या तापमानाला झाली.

बारीक गळती दोन जातींची असते. एक थंडीची. इंजिन गार झालं की रबर आणि प्लास्टिक आकसतं, होजच्या तोंडाची पकड सैल पडते, आणि पहाटे दोन-चार थेंब निसटतात. इंजिन तापलं की होज फुगून पुन्हा गच्च बसतो. दुसरी गरमीची. प्लास्टिकच्या टाकीतली केसाएवढी चीर, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचा जोड, वॉटर पंपाचं सील. थंड असताना सगळं कोरडं, ९० अंशांच्या वर गेल्यावरच झिरपतं.

म्हणून चाचणी दोनदा करायची. एकदा रात्रभर उभ्या गाडीवर. दुसऱ्यांदा इंजिन नीट तापवून, बंद करून, झाकण हाताला सोसेल इतकं निवल्यावर. तापलेल्या इंजिनचं झाकण उघडायचं नाही, यात कुठलीही सवलत नाही. १ बार दाबाखालचं १०० अंशांवरचं कूलंट झाकण सैल होताक्षणी उसळून वर येतं.

दुसऱ्या चाचणीत एक गफलत होते. इंजिन निवत असताना आतलं द्रव आणि हवा दोन्ही आकसतात, त्यामुळे गळती नसली तरी सुई खाली येते. ती घसरण मोजू नका. पंप मारून दाब पुन्हा जागेवर आणा आणि सुईऐवजी ओल शोधा.

अजून एक सांगतो. इंजिन बंद केल्यावर वॉटर पंप थांबतो, पण लोखंडातली उष्णता कूलंटमध्ये उतरत राहते आणि पहिली काही मिनिटं आतलं तापमान व दाब वाढतो. गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी बॉनेट उघडून टॉर्च मारा. गरमीच्या जातीचे बरेच पाझर नेमके त्याच वेळी दिसतात. गोडसर वासही तेव्हाच येतो.

गियरबॉक्स_वाला

थंडगार, अप्रतिम प्रतिसाद. एक पुरवणी: बंद इंजिनवरही रेडिएटरचा विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. हात, बाही, टॉर्चची दोरी लांब ठेवा.

धूळवाट

टेस्टर सगळ्यांकडे नसतो, म्हणून डोळ्यांनी काय बघायचं ते लिहितो.

कूलंटमधलं पाणी उडून जातं, पण रंग आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे ओल शोधू नका, डाग शोधा. होजच्या तोंडाशी क्लॅम्पच्या कडेने पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरखरीत कडं दिसतं, नखाने खरवडलं की भुकटी पडते. इंजिनवर वरून खाली ओघळाची रेघ असते, तिचं सर्वांत वरचं टोक धरायचं. चालत्या गाडीत वारा आणि पंखा थेंबाला मागे ढकलतात, खालचं प्लास्टिकचं शील्ड थेंब अडवून भलत्याच भोकातून सोडतं. त्यामुळे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. आधी शील्ड काढा.

जिथे नजर पोचत नाही तिथे पांढरा टिश्यू पेपर काडीला गुंडाळून जोडाखालून फिरवा. कागदावर रंग उठला की जागा सापडली. आणि एसीचं पाणी वेगळं ओळखा. ते बिनरंगी, बिनवासाचं, बोटांवर चोळलं की पाण्यासारखं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं. चव घेऊन बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

पान्हा१०

वॉटर पंपाबद्दल सविस्तर, कारण सर्वांत जास्त चुकीचं निदान इथे होतं.

पंपाच्या दांड्यावर एका बाजूला कूलंट अडवणारं सील आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग असतं. दोघांच्या मधल्या जागेतून बाहेर एक बारीक भोक काढलेलं असतं, बहुधा खालच्या बाजूला. सीलमधून झिरपलेलं कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या भोकातून बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. ते एम-सीलने बुजवणाऱ्यांना हात जोडून विनंती: असं करू नका. कूलंट बेअरिंगमध्ये जाईल, ग्रीस धुऊन निघेल आणि पंप जाम होईल.

भोकाभोवती थोडा वाळलेला डाग असणं हा बिघाड नव्हे. फिरणारं सील स्वतःला ओलं ठेवण्यासाठी नाममात्र द्रव सोडतंच, आणि नवा पंप सुरुवातीला थोडा पाझरूही शकतो. डाग पुसा, गाडी काही दिवस चालवा, पुन्हा बघा. भोकाखाली ताजा ओघळ आला किंवा थेंब लोंबताना दिसला तर सील गेलं. इंजिन बंद असताना पुली हातात धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंगही गेलं.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या व्हॉल्व्हचा ताल राखणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल तर भोक कव्हरच्या आत लपलेलं असतं. मग कव्हरच्या खालच्या कडेशी डाग शोधावा लागतो. अशा इंजिनात पंप बदलताना बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुली) त्याच वेळी बदला. उघडायची मेहनत तीच आहे, आणि कूलंटने भिजलेला बेल्ट पुन्हा बसवणं म्हणजे अख्खं इंजिन पणाला लावणं.

निळं_आकाश

इतका खटाटोप कशाला? कूलंटमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घाला, दोन-तीन दिवस गाडी वापरा, अंधारात यूव्ही टॉर्च मारा. गळती स्वतःच चमकून दिसते. थंड-गरम दोन्ही जाती एकाच फटक्यात.

नट-बोल्ट

डायला विरोध नाही, पण पहिली पायरी म्हणून नाही. बऱ्याच हिरव्या कूलंटमध्ये मुळातच चमकणारा रंग असतो, त्यामुळे आधी नुसता टॉर्च मारून बघा, कदाचित डाय लागणारच नाही. दुसरं, भरताना सांडलेला थेंबही तितकाच चमकतो. आधी सगळं साध्या पाण्याने धुऊन पुसून घेतलं नाही तर चार खोट्या गळत्या सापडतात. आणि पूर्वी कधी एसीच्या वायूत डाय घातला असेल तर तोही पिवळा-हिरवा चमकतो.

निळं_आकाश

धुऊन घेण्याचा मुद्दा मान्य. तरीही सुई स्थिर आणि घट चालू, या तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर डायच. टेस्टर पंधरा मिनिटांचं सांगतो, डाय तीन दिवसांचं सांगतो.

थंडगार

दोघांचंही बरोबर आहे. सुई पडत असेल तर टेस्टरने तासाभरात काम होतं. पडत नसेल तर डाय. प्रमाण डायच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच घ्या. टॉर्चसोबतचा पिवळा चष्मा घातला तर फिकट चमकही सुटून दिसते.

सुरुवातच_आहे

वाखुसा (वाचनखूण साठवली). नवशिक्याचा प्रश्न: होजच्या तोंडाशी पांढरं कडं सापडलं तर क्लॅम्प आवळून भागतं का?

पान्हा१०

कधीकधी भागतं, पण आवळण्याआधी होज दाबून बघा, इंजिन थंड असताना. टोकाजवळचा भाग आणि मधला भाग बोटांनी आळीपाळीने चिमटीत धरा. टोक मधल्या भागापेक्षा मऊ, भुसभुशीत लागलं किंवा आत लांबट भेगा जाणवल्या तर रबर आतून गेलंय. ते आवळून उपयोग नाही, होज बदला. बाहेरून फुगवटा, तेलाने चिकट झालेलं रबर, दाबल्यावर करकर आवाज, ही सगळी बदलण्याचीच लक्षणं.

होज चांगला असेल तर तो काढून आतली नळी बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर पांढरा गंज आणि बारीक खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांतून रबराखालून कूलंट वाट काढतं. क्लॅम्प कितीही आवळा, थांबणार नाही. बारीक पॉलिश पेपरने नळी गोल फिरवून घासा. लांबीच्या दिशेने नको, त्या रेषांतूनच नवी वाट तयार होते. खड्डे खोल असतील तर तो भाग बदलावा लागतो.

सहावा गिअर

होज काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची नळी तिथेच तुटते. आधी पक्कडीने होज हलकेच पिळून जागचा सोडवा. टाकून द्यायचाच असेल तर ब्लेडने लांबीत चीर द्या, पण ब्लेड नळीला लागू देऊ नका.

क्लॅम्पबद्दल माझं मत: कंपनीचे स्प्रिंग क्लॅम्प काढून स्क्रूवाले बसवा. पकड जास्त, दिसतात मजबूत, हवे तेव्हा आवळता येतात.

थंडगार

इथे मी पूर्ण असहमत आहे. स्प्रिंग क्लॅम्पचं कामच वेगळं आहे. रबर फुगलं की तो उघडतो, आकसलं की मिटतो, त्यामुळे पकड कायम राहते. स्क्रूवाला जिथे आवळला तिथेच राहतो. गरम असताना रबर त्याच्याविरुद्ध दाबलं जाऊन कालांतराने बसतं, आणि थंडीत पकड सैल पडते. वर सांगितलेली पहाटेची गळती बहुतेक वेळा स्क्रूवाल्या क्लॅम्पवरच आढळते.

सहावा गिअर

स्प्रिंगची ताकद गेलेली असेल तर? जुने स्प्रिंग क्लॅम्प हाताने दाबले जातात इतके मऊ झालेले असतात.

थंडगार

मग त्याच मापाचा नवा स्प्रिंग क्लॅम्प. स्क्रूवाला वापरायचाच असेल तर ज्याच्या पट्टीला आरपार खाचा नसतात, आतून गुळगुळीत असतो, तो घ्या. खाचांच्या पट्टीत आवळताना रबर खाचांतून वर फुगू लागलं की समजा जास्त झालं, थोड्याच दिवसांत तिथे होज कापला जाईल. कुठलाही क्लॅम्प असो, नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या मागे बसला पाहिजे. उंचवट्यावर नाही, होजच्या अगदी काठावरही नाही. जुना होज परत बसवत असाल तर क्लॅम्प जुन्या वळाच्या खुणेवरच बसवा.

सहावा गिअर

गुळगुळीत पट्टीचा मुद्दा पटला. माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मागे घेतो.

गियरबॉक्स_वाला

रेडिएटरबद्दल कोणी लिहिलं नाही. हल्लीच्या रेडिएटरमध्ये मधला गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. दोघांमध्ये रबरी सील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दुमडलेल्या कडा. बारीक पाझर याच जोडावर येतो, विशेषतः कोपऱ्यात. कडा पक्कडीने पुन्हा दाबल्या तर थोडे दिवस थांबतो, पण सील कडक झालेलं असल्याने टिकत नाही. प्लास्टिकला चीर असेल तर इपॉक्सीही धरत नाही, कारण प्लास्टिक रोज तापतं आणि निवतं. रेडिएटर बदला. खालचा ड्रेन प्लग आणि त्याची रिंग मात्र आधी तपासा. गळणाऱ्या प्लगपायी रेडिएटर उगाच फेकला जातो.

एक्स्पान्शन टँकची (फुगलेलं कूलंट सामावणाऱ्या टाकीची) शिवणही विसरू नका. दोन अर्धे जोडलेले असतात, त्या रेषेवर केसाएवढी चीर जाते आणि फक्त गरम दाबाखाली पाझरते.

सुरुवातच_आहे

बाजारात रेडिएटरमध्ये ओतायचं लीक बंद करणारं औषध मिळतं. बारीक गळतीला ते चालेल ना?

पान्हा१०

नको. ते द्रव बारीक वाट बुजवतं, पण कोणती बुजवायची हे त्याला कळत नाही. हीटर कोअरच्या (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) अरुंद नळ्या, थर्मोस्टॅटची कड, झाकणातला छोटा व्हॉल्व्ह, सगळीकडे थर बसतो. नंतर खरी दुरुस्ती करताना अख्खी यंत्रणा धुवावी लागते. रस्त्यात अडकलात आणि गॅरेज लांब आहे एवढ्याच प्रसंगी ते वापरावं. आणि होजच्या तोंडाच्या किंवा पंपाच्या सीलच्या गळतीला ते सहसा लागूही पडत नाही.

चारचाकी_प्रेमी

अवांतर: गळती सापडेपर्यंत नुसतं पाणी घातलं तर बिघडतं का? आणि हिरव्यात गुलाबी मिसळलं तर?

धूळवाट

पाण्याबद्दल: एखादा कपभर, तेही डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, अडीनडीला चालतं. पण दर वेळी पाणीच घातलं तर मिश्रण पातळ होत जातं. ग्लायकॉल फक्त गोठण्यापासून वाचवतं असा समज आहे. उकळबिंदू वाढतो तोही त्याच्यामुळे, आणि गंज रोखणारी रसायनं कूलंटमधूनच येतात. नळाच्या पाण्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात. मिश्रण किती पातळ झालंय ते रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या मापक उपकरणावर एक थेंब टाकला की कळतं. ५०:५० असेल तर गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास दाखवतो.

रंगाबद्दल: रंग हे मानक नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं यांची रसायनं वेगळी असू शकतात. जुन्या पद्धतीची सिलिकेटवाली, सेंद्रिय आम्लांवर चालणारी आणि दोन्ही एकत्र असलेली, अशी मुख्य कुळं आहेत. मिसळली तर गंजरोधकाचं आयुष्य घटतं, काही मिश्रणांत गाळही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला मानक क्रमांक डब्यावर छापलेला आहे का तेवढंच बघायचं.

निळं_आकाश

मूळ विषयाकडे: गाडीच्या आत बघितलं का? हीटर कोअर डॅशबोर्डच्या आत असतो, त्याची गळती बाहेर दिसत नाही. लक्षणं म्हणजे ब्लोअर लावला की गोड वास, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं जे पुसलं तरी परत येतं, आणि पुढच्या सीटच्या पायाशी गालिच्याखाली ओल. हात गालिच्यावरून नाही, खालच्या फोममध्ये घाला. मात्र एसीची निचरा नळी तुंबली तरी तिथेच पाणी येतं, त्यामुळे टिश्यूवर रंग आणि बुळबुळीतपणा तपासा. आणि कोअर बदलायला डॅश उघडण्याआधी त्याला जाणाऱ्या दोन होजचे क्लॅम्प बघा.

नट-बोल्ट

उत्तम. आता बाहेर कुठेच नाही, आतही नाही, झाकण चांगलं. उरतं इंजिनच्या पोटातलं. त्यावर जाणकारांनी लिहावं.

थंडगार

हेड गास्केटचं (सिलिंडर हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचं) नाव काढलं की लोक घाबरतात, म्हणून पुराव्याने चला. तेलाच्या झाकणाखालचा पांढरट लोणीसारखा थर हा एकटा पुरावा धरू नका. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही तो येतो. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं तर मात्र काळजीचं.

खरी चाचणी ब्लॉक टेस्टरची. निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून खेचायची. ज्वलनाचा वायू आला तर पेट्रोल इंजिनात निळं द्रव पिवळं होतं. झाकण इंजिन थंड असतानाच काढा, पातळी चार-पाच सेंटीमीटर खाली घ्या आणि मग इंजिन तापवा. कूलंटचा थेंब द्रवात गेला तर ते द्रव बाद.

गळती सिलिंडरमध्ये असेल तर सकाळी सुरू करताना इंजिन काही सेकंद अडखळतं आणि एक्झॉस्टमधून गोड वासाची पांढरी वाफ येते. संध्याकाळी यंत्रणेला टेस्टरने दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय त्याच्या पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ धुतलेला दिसतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तेही लक्षण, कारण इतक्या लवकर तो दाब उष्णतेने येऊ शकत नाही.

पान्हा१०

डिझेलवाल्यांनी हेड उघडण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग) तपासावा. त्यात एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा वायू. आतून चीर गेली की कूलंट थेट इंजिनात ओढलं जातं, बाहेर काही दिसत नाही आणि लक्षणं हुबेहूब हेड गास्केटची. कूलर वेगळा काढून, तोंडं बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला की बुडबुडे दिसतात.

सुरुवातच_आहे

समजा थर्मोस्टॅटच्या हाउसिंगची ओ-रिंग निघाली. बसवताना काय सांभाळायचं?

सहावा गिअर

जुनी रिंग परत नाही. ती चपटी झालेली असते, बोटात धरून फिरवली की गोलाईऐवजी सपाट कड लागते. खोबण आणि समोरची सपाटी कापडाने पुसा, थर असेल तर प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. नव्या रिंगला ताजं कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस चोळा. साधं पेट्रोलियम ग्रीस नको, कूलंटच्या ओ-रिंग बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने त्या फुगतात. रिंगेसोबत सिलिकॉन गास्केटची ट्यूबही लावायचा मोह टाळा. जादा सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. थर्मोस्टॅटवर हवा जाण्याची छोटी टिकली असेल तर बहुतेक ठिकाणी ती वरच्या बाजूला येते. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. सहा एमएमचे असतील तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, पण पुस्तिकेतला आकडा अंतिम. प्लास्टिकचं हाउसिंग जास्त आवळलं की बोल्टच्या कानाशीच तडकतं.

गियरबॉक्स_वाला

भरण्याबद्दल लिहितो, कारण गळती दुरुस्त होऊन हवा राहिली तर काटाही खोटं बोलतो. सेन्सर हवेच्या कप्प्यात आला की तो वाफेचं तापमान मोजतो, कूलंटचं नाही.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा. गाडीचं नाक शक्य असेल तर थोडं वर. हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून सावकाश भरा. बुडबुडे थांबून एकसंध धार आली की बंद करा. पुस्तिकेत झाकण उघडं ठेवून इंजिन तापवायला सांगितलं असेल तर पातळी बघत राहा, नाहीतर झाकण लावूनच तापवा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. ब्लोअरमधून सलग गरम हवा आली आणि वरचा-खालचा दोन्ही होज तापले म्हणजे थर्मोस्टॅट उघडून कूलंट फिरतंय. डॅशमधून खळखळ ऐकू आली तर हवा अजून आत आहे. काढलेलं कूलंट बादलीत उघडं ठेवू नका आणि गटारात ओतू नका. त्याच्या गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते पितात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

नट-बोल्ट

सर्वांचे मनापासून आभार. माझा क्रम बदलतो: मोजणी, झाकण, शील्ड काढून डाग, मग टेस्टर थंड आणि गरम, सुई स्थिर राहिली तर डाय, शेवटी ब्लॉक टेस्टर. एक शंका उरली. दुरुस्तीनंतर पातळी पुन्हा थोडी खाली गेली तर ती गळती समजायची का?

थंडगार

लगेच नाही. अडकलेली हवा पहिल्या दोन-तीन तापण्या-निवण्यांत वर येते आणि तितकी जागा कूलंट भरून काढतं, म्हणून पातळी एकदा उतरते. थंड इंजिनवर खुणेपर्यंत भरा आणि चिकटपट्टीवर नवी रेघ मारा. त्यानंतर मात्र ती रेघ हलायला नको. हलली तर आधी जिथे हात लावला होता तोच जोड टिश्यूने पुसून बघा, त्यानंतर दुसरीकडे शोधा. दुसरी बारीक गळतीही बऱ्याचदा निघते, कारण पहिली बंद झाल्यावर यंत्रणा पहिल्यांदा पूर्ण दाब धरते आणि पुढचा कमजोर जोड उघडा पडतो.

पान्हा१०

आणि जुने डाग आजच पाण्याने धुऊन टाका, म्हणजे पुढच्या वेळी दिसेल तो डाग नवाच असेल.